वाल्टरची ज्वारी

भाऊजी, पाकीट आलं.

चार महिने तुम्ही त्याची वाट पाहिलीत. कामावरून येताना रोज पोस्टाच्या ओट्यावर टेकायचात, "अमेरिकेचं काही?" म्हणून विचारायचात, आणि नाही म्हटलं की टोपी झटकून घरी यायचात. ते आलं तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. पोस्टमन दारात सायकल धरून नुसता उभा. म्हणाला, "काकू, हवालदारांचं हाय. आता कुणाच्या हातात देऊ?" तुमच्या शालनची आई तोंडाला पदर लावून आत गेली. मी म्हटलं, "आण इकडं. त्यांच्यासंगं भांडत आले मी, त्यांचं टपाल घ्यायला बी मीच."

तर ते मी घेतलंय, आणि उत्तरही मीच धाडलंय. तुम्हाला विचारायची सोय राहिली नाही, म्हणून आता सांगते. मध्ये बोलू नका. तीस वर्षं मध्ये बोललात.

आधी दहाव्याचं सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. नदीला पाणी कुठलं. वाळूत खड्डा खोदून तांब्याभर काढलं. एरवी पिंड ठेवला की कावळ्यासाठी माणसं ताटकळतात, कुणी म्हणतं पोरीचं लग्न करून देऊ, कुणी म्हणतं शेताकडं बघू, तेव्हा कुठं तो शिवतो. तुमच्या पिंडावरून गुरुजींनी हात काढला नाही तोच दोन कावळे झेपावले. सगळ्यांनी हात जोडले. "हवालदार तृप्त गेले. मागं इच्छा ठिवली न्हाई." मी तिथंच म्हटलं, "इच्छा कशी न्हाई? कावळा उपाशी हाय! गावात खरकटं पडत न्हाई, त्यानं कुणाकुणाची इच्छा बघत बसायचं?" शालननं माझा हात दाबला. पण खरं सांगा, तुम्ही तृप्त गेलात? दुष्काळी खडीच्या कामावर, ताडपत्रीच्या सावलीत, मांडीवर हजेरीचं बुक घेऊन बसल्या जागी गेलात. आणि त्या बुकात शेवटच्या पानावर काय निघालं? वाल्टरला लिहायच्या पुढच्या पत्राच्या चार ओळी. याला तृप्त म्हणतात होय?

आपल्या घरात वाल्टर हे नाव एखाद्या मामाच्या नावासारखं वावरलं. पोरांना वाटायचं हा दौंडच्या पलीकडं कुठंतरी राहतो. इटलीच्या लढाईत तुमच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला आणि ह्या अमेरिकन शिपायाच्या खांद्यात, आणि दवाखान्याच्या तंबूत तुमची खाटेला खाट लागली. त्यानं विचारलं, तुझ्या गावी काय पिकतं? तुम्ही म्हणालात, ज्वारी. तो उठून बसला. म्हणाला, माझ्याही गावी पिकते, पण आम्ही ती गुरांना घालतो. तुम्ही ही गोष्ट शंभरदा सांगितलीत आणि शंभरदा हसलात. "वैनी, जगाच्या दोन टोकांना एकच दाणा!"

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मी वाचायला कशी शिकले, असं तुम्ही विचारायचात आणि मी म्हणायची, शिकले अशीच. अशी नाही शिकले. तुमची इटलीहून पत्रं यायची. तुमच्या दादांना अक्षरओळख नव्हती, मला नव्हती. मास्तर चावडीपुढं मोठ्यानं वाचायचे, सगळा गाव ऐकायचा. मला ते सोसेना. आपल्या घरचं पत्र गावानं आधी ऐकायचं आणि आपण त्यांच्या तोंडाकडं बघून अंदाज घ्यायचा! मग मी मास्तरांनी वाचलेलं पाठ करायची, घरी येऊन कागद पुढ्यात घ्यायची आणि पाठ केलेल्या एकेका शब्दावर बोट ठेवत जायची. "ती. सौ. वहिनीस शिरसाष्टांग नमस्कार." पहिल्यांदा ओळखलं ते हे. सरकारचा माणूस तुमच्या पत्रातल्या गावांच्या नावांवर काळी शाई फिरवायचा. मला वाटलं, ते पण एक अक्षरच. मास्तरांना विचारलं, "हे लांबोडकं अक्षर कसं म्हणायचं?" मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, ते गप बसायचं अक्षर हाय."

ते अक्षर परवा पुन्हा भेटलं. सांगते.

लढाई संपली, तुम्ही लंगडत घरी आलात, आणि दरवर्षी दिवाळीला वाल्टरला पत्र टाकू लागलात. खाली एक सवाल ठरलेला. "तुमच्या पेपरात औंदा आमची बातमी आली का? आली असंल तर कापून धाडा." त्याच्या गावचा पेपर आठवड्याला निघायचा. बिचारा इमानानं कापून धाडायचा. हत्तीवरून निघालेली कुणा राजाची वरात. टोपलीतला साप. खिळ्यांवर झोपलेला बैरागी. बस. वर्षाकाठी एखादा कपटा, एखाद्या वर्षी तोही नाही, नुसतंच "सॉरी". एवढा देश आमचा, निवडणुका झाल्या, धरणं झाली, नेहरू गेले. आणि त्यांच्या गावाला दिसला तो खिळ्यांवरचा बैरागी!

शालन मोठी झाली, शाळेवर शिकवायला लागली, तेव्हा तिनं ती कात्रणं उलटी करून मागची बाजू वाचायला सुरुवात केली. मागं त्यांचं गाव असायचं. वासराएवढा भोपळा आणि त्याच्यामागं उभी राहिलेली एक हसरी बाई. कुणाचं खळं जळलं, कुणाकडं पंगत आहे, कुणाची म्हातारी पडली. तुम्हाला पुढच्यापेक्षा मागच्या बाजूचंच वेड लागलं. त्या भोपळेवाल्या बाईला पुढच्या साली बक्षीस मिळालं का, म्हणून तुम्ही वाल्टरला विचारलंत. ती वारल्याचं कळलं तेव्हा तुम्ही रात्री जेवला नाहीत. मी म्हटलं, "भाऊजी, आपल्याला त्यांची म्हातारी ठाऊक, आणि त्यांना आपला अख्खा मुलूख ठाऊक न्हाई. ह्याला दोस्ती म्हणत्यात?" तुम्ही म्हणालात, "मागली बाजू बी कुणीतरी वाचायला पायजे, वैनी."

तुमचं हे असलं बोलणं! त्यापुढं माणसाला भांडताही येईना.

पण बांगलादेशच्या लढाईत मी भांडले. तुमच्या ट्रान्झिस्टरवर सांगितलं, अमेरिकेचं आरमार आपल्या समुद्राकडं निघालंय. मी हातातली दुधाची कासंडी खाली ठेवली.

"आता त्या वाल्टरला पत्र टाकाल तर बघा."

"वैनी, जहाज वाल्टरनं धाडलंय व्हय?"

"त्याच्या मतावर निवडून आलेल्यानं धाडलंय न्हवं?"

"त्याला ठाऊक बी नसंल."

"मंग तर लईच वाईट!"

आठ दिवस आपण बोललो नाही. तुम्हाला आमटीत मीठ कमी पडलं तरी शालनकडून निरोप यायचा. आणि तरी तुम्ही पत्र टाकलंतच. उत्तर आलं ते तुम्ही माझ्यापुढं असं ठेवलंत, जसा कोर्टात पुरावा ठेवावा. वाल्टरनं लिहिलं होतं, तुझं पत्र आल्यावर मी जुना पेपर रद्दीतून काढला. बातमी होती, आतल्या पानावर, डुकरांच्या भावाच्या खाली. मी भाव बघितला होता आणि पान उलटलं होतं. आमचं जहाज कुठं गेलं हे मला तुझ्याकडून कळलं.

"बघा," तुम्ही म्हणालात, "मनानं वाईट न्हाई त्यो."

न्हाई, भाऊजी. मनानं वाईट नाही हे मलाही कळतं. म्हणूनच तर जीव जळतो. वाईट माणसाशी दोन हात करता येतात. पण ज्याला ठाऊकच नाही त्याच्याशी भांडायचं कसं? ज्यांची जहाजं जगभर फिरतात त्यांना जग कुठं आहे ते माहीत नसावं? आमच्या गावातला आंधळासुद्धा काठी फिरवायच्या आधी विचारतो, "कोन हाय रं पुढं?"

मग तुम्ही डाव माझ्यावर उलटवलात. आपल्या बांधापलीकडं दर साली ऊस तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या पडतात, तिकडं बोट केलंत.

"वैनी, ती मानसं कुठल्या गावची?"

"जामखेडकडची."

"जामखेडकडची म्हंजे? गाव कोंचं?"

मला सांगता येईना.

"त्या बाया इतक्या सालांपासनं तुमच्या हिरीवर पानी भरत्यात. एकीचं नाव ठाऊक हाय?"

मला एकीचंही नाव ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कोप्यांकडं गेले. एक बाई पाचटावर बसून कोयत्याला धार लावत होती. नाव विचारलं. हिराबाई म्हणाली. कुठल्या गावची, ते विचारलं. तेही सांगितलं. मग कोयता बाजूला ठेवून म्हणाली, "आत्ता इचारलंव व्हय, आजी? ही माझी पोरगी तुमच्याच बांधावर जलमली की. चार वर्सं झाली."

चार वर्षं! माझ्या बांधावर बाई बाळंत झाली आणि मी तिला मूठभर डिंक दिला नाही, पोरीला एक कुंची शिवली नाही. मी परत आले ती तुमच्याकडं मान वर करून बघेना. कुंची आता त्या पोरीला बसायची नव्हती, म्हणून मी झगा शिवला, आणि तेव्हापासून कोप्या पडल्या की पहिल्या दिवशी जाऊन नावं विचारून येते.

पण भाऊजी, तुम्हाला वाटलं की तुम्ही तिथं जिंकलात. नाही जिंकलात. तेव्हा लाजेनं बोलले नाही, आज बोलते. मी चुकले ते चुकले. पण माझ्या चुकीमागं त्यांनी दडायचं नाही. मी नजर फिरवली तर एका पोरीची कुंची हुकते. त्यांनी नजर फिरवली तर कुठं आरमार जातं, कुठं बॉम्ब पडतात, त्या व्हिएतनामातल्या बायांना विचारा. ज्याचा हात जेवढा लांब, त्याला तेवढं लांबचं दिसलंच पाहिजे. "सगळे सारखेच" म्हणून तुम्ही त्यांना सोडून द्यायचात. मी सोडणार नाही. तुम्ही गेलात म्हणून तर मुळीच नाही.

आणि मग हा दुष्काळ. रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल ज्वारी आली. मिलो. सगळा गाव तिला शिव्या घालत होता आणि आपल्या घरात तिचं नाव पडलं वाल्टरची ज्वारी. पहिल्या दिवशी मी भाकरी थापायला बसले आणि तिसरीला रडकुंडीला आले. पिठाला चिकटपणाच नाही. थापावी तर कडा फाटतात, उचलावी तर मधोमध तुटते. रंग विटकरीचा. तुम्ही ताटातला तुकडा उचलून बघितलात आणि म्हणालात, "वाल्टरच्या गाईच्या तोंडचा घास हाय, वैनी. नीट चावून खावा." शालनची आई हसता हसता रडली.

त्याच आठवड्यात तुम्ही ते मोठं पत्र लिहायला घेतलंत. वाल्टरला नव्हे, त्याच्या पेपरला. चार पानं. शालननं इंग्रजीत घातलं, पण तुमचं मराठी मी वाचलंय. "आम्ही मरत नाही. आम्ही खडी फोडतो, तलाव बांधतो, आमच्या बाया डोक्यावर माती वाहतात. तुमची ज्वारी आम्ही रांगेला उभं राहून विकत घेतो. ती तुम्ही जनावरांना घालता हे आम्हाला ठाऊक आहे. दया करू नका, चौकशी करा." वाचून मी मनात म्हटलं, शाबास! पण तोंडानं म्हटलं नाही. का नाही म्हटलं, भाऊजी? माझ्या जिभेला तुमच्याशी भांडायची सवय लागली होती, दुसरं वळण तिला येईना.

मग तुम्ही मला म्हणालात, "वैनी, हिची भाकरी तुमी शेवटाला जमवलीत. कशी, ते एक पान तुमच्या हातानं लिवून द्या. ह्याच्यासंगं धाडू."

"मी न्हाई लिवायची. आपण काय खातो ते त्यांना दाखवत बसू? हात पसरल्यावानी दिसंल."

"मागायचं न्हाई, वैनी. सांगायचं हाय."

"भाकरीची कुठं बातमी असती व्हय? तुमी लिवा तुमचं तलावाचं."

तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोनदा नाही म्हटलं. तुम्ही पाकिटाला डिंक लावलात आणि टोपी घालून पोस्टाकडं गेलात. आपलं शेवटचं भांडण ते. त्यानंतर आपण बोललो ते नुसतं पाण्याचं आणि कडब्याचं.

आता पाकिटात काय होतं ते ऐका.

तुमचं पत्र छापून आलं, भाऊजी! चार पानांच्या पाच ओळी झाल्या. वर मथळा: "भारतातल्या युद्धमित्राकडून आपल्या शेतकऱ्यांचे आभार." शालननं एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. म्हणाली, "काकू, आबांनी आभार कुठं मानले हुते?" कुठंच मानले नव्हते. तलाव नाही, खडी नाही, बाया नाहीत, जनावरांची गोष्ट नाही. सगळ्यावर ते गप बसायचं अक्षर फिरलेलं. तुमच्या सवयीप्रमाणे कात्रण उलटं केलं. मागं एका कुत्र्याचा फोटो, हरवलाय, दिसल्यास कळवा. कुत्र्याला तुमच्यापेक्षा जास्त जागा होती. मला हसू फुटलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

पण सोबत वाल्टरचं पत्र होतं. अक्षर आता त्याचंही थरथरतं. त्यानं लिहिलं होतं, "मला लाज वाटते. मी संपादकाशी भांडलो. तो म्हणाला, एवढ्या लांबचं कुणी वाचत नाही. मग जिथं आम्ही शेतकरी धान्य घालायला गाड्या घेऊन जातो, तिथं मी संपादकाकडून परत आणलेली तुझी चारही पानं मोठ्यानं वाचली. अकराजण होते. आधी दोघं उठून गेले. बाकीचे थांबले. सगळं ऐकून झाल्यावर एकानं विचारलं, पण ह्या ज्वारीचं ते करतात काय? खातात कशी? मला सांगता आलं नाही. तू लिही."

भाऊजी, त्या नऊ माणसांतल्या एकानं विचारलं ते नेमकं तेच, जे तुम्ही मला लिहायला सांगितलं होतं आणि ज्याला मी दोनदा नाही म्हटलं.

मी तिथंच चुलीपुढं बसून राहिले. तुम्हाला बरोबर म्हणायला मी फार उशीर केला. पण केवळ रडत बसले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, "वैनी, कागद घ्या." कागद घेतला.

शालन म्हणाली, "तुमी सांगा काकू, मी इंग्रजीत घालते."

"न्हाई. मराठीतच जाईल."

"अवो, तिथं कोण वाचणार?"

"हुडकतील. एवढा मोठा देश, मराठी वाचणारं एक माणूस घावायचं न्हाई? आन न्हाई घावलं तर तेवढं तरी कळंल त्यांना, की आपल्याकडं न्हाई. आमी त्यांच्या कपट्यांचा अर्थ किती वर्सं लावत बसलो! तुझ्या बानं डिक्शनरी झिजवली. एक पत्र त्यांनी लावावं."

मी तुमच्या पत्रांवर बोट ठेवत ठेवत वाचायला शिकले. मला कुणी शिकवलं नाही. मग त्यांना काय धाड भरलीय?

लिहिलं ते असं. "वाल्टरभाऊ, तुमचे मित्र गेले. त्यांनी आभार मानले नव्हते, तेवढं त्या संपादकाला सांगा. आता विचारलंत त्याचं उत्तर. पीठ चाळायचं नाही, कोंडाही पोटात जाऊ द्यायचा. पाणी खळाखळा उकळून त्यात पीठ टाकायचं, झाकण ठेवायचं, आणि हाताला सोसेल तेवढं कढत असतानाच मळायचं. थंड झालं की संपलं. थापताना कडेला सारखा पाण्याचा हात लावायचा. तरी फाटते. फाटली तरी भाजायची. गरम असताना खायची, कारण निवल्यावर तिची कौलं होतात. माझ्या दिरानं ती हसत खाल्ली. तुम्ही एकदा करून खा, मग लिहा." खाली माझं नाव घातलं, गाव, तालुका, जिल्हा, सगळं. गावाच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

आणि त्या दिवशीच्या भाकरीचा एक तुकडा पत्र्यावर वाळवला, कागदात गुंडाळून पाकिटात घातला. तुमच्या मित्राच्या रानातला दाणा, चुलीवरून परत.

पोस्टमास्तरनं पाकीट दाबून बघितलं. "काकू, आत काय कडक लागतंय? खान्याचा जिन्नस धाडता येत न्हाई हां."

"खाऊन बघा मंग, खान्याचा हाय का त्ये."

"तसं न्हाई काकू. विचारतील मला. काय सांगू, काय हाय म्हणून?"

"बातमी हाय म्हणा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, तुमच्या रिकाम्या ओट्याकडं बघितलं, आणि शिक्का उचलला. दोनदा मारला, जोरात.

बाहेर आले आणि ओट्यावर टेकले, तुमच्या जागेवर. दगड तापलेला होता, तरी बसले. उत्तराला तीन महिने लागतील, चार लागतील, कदाचित येणारही नाही. न येऊ दे. उद्यापासून रोज इथं येऊन मी विचारणार आहे, अमेरिकेचं काही? आणि नाही म्हणाले तर पदर झटकून घरी जाईन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन.